ठरवायचं, चाललंय, ठरलं

सकाळच्या कामाच्या ऐन गर्दीत तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकोन वर आला. ‘आई यांनी “आई” हा बोर्ड पाहण्याची परवानगी मागितली आहे.’ खाली दोन बटणं, द्या आणि नाकारा. असल्या चौकोनांचं तिला काय कौतुक, दिवसभर तेच तर येत असत. हात सवयीने माऊसवर गेला, बाण ‘द्या’वर जाऊन टेकलाही, आणि तिथेच थिजला. तिने वाक्य पुन्हा वाचलं. पहिली आई म्हणजे आई, शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, डाव्या मनगटाला पट्टा बांधून बसलेली. दुसरी आई म्हणजे तो बोर्ड. तिने, दादाने आणि धाकटीने मिळून तो आईसाठी उघडला होता, म्हणजे आईबद्दल उघडला होता, म्हणजे खरं सांगायचं तर आईच्या पाठीमागे उघडला होता. आजूबाजूला कीबोर्ड वाजत होते, पलीकडच्या टेबलावर कुणीतरी कुणालातरी फळीच्या जाडीवरून झापत होतं, आणि तो चौकोन कोपऱ्यात शांतपणे उत्तराची वाट बघत उभा होता.

घरात तिला सगळे मधली म्हणत. वर दादा, खाली धाकटी, आणि मध्ये ही. नाव होतं, पण ते शाळेत आणि पगाराच्या पावतीवर वापरलं जाई. ऑफिसात तिला चावीबाई म्हणत. दुकानांची अंतर्गत सजावट करणारी ती कंपनी, तिथली सगळी कामं एका सॉफ्टवेअरमध्ये चालत. प्रत्येक दुकानाचा एक बोर्ड, बोर्डावर तीन उभे रकाने, ‘ठरवायचं’, ‘चाललंय’ आणि ‘ठरलं’, आणि त्या रकान्यांतून बोटाने इकडून तिकडे सरकवायची कामांची कार्डं. कुठल्या बोर्डात कुणी शिरायचं आणि शिरल्यावर काय करायचं हे मधली ठरवायची. व्ह्यूअर म्हणजे नुसता बघणारा. कमेंटर म्हणजे बघून बोलणारा. एडिटर कार्ड हलवू शकतो. आणि ओनर म्हणजे मालक, तो कुणालाही आत घेऊ शकतो, कुणालाही बाहेर काढू शकतो. कामापुरतं द्यावं, कामापेक्षा काडीभरही जास्त देऊ नये, हा तिचा नियम होता आणि त्याचा तिला थोडा तोरा होता. सुतारांच्या मुकादमाने विनवण्या करून करून शेवटी हात टेकले होते, “बाई, तुमच्याकडून परवानगी काढण्यापेक्षा भिंत फोडून आत जाणं सोपं आहे.” ती हसली होती. ते तिला कौतुकच वाटलं होतं.

चौकोनाकडे न बघता ती उठली, पाणी प्यायली, परत आली. चौकोन तिथेच होता. असं झालं कसं, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. काल रात्री दादाने आईला हाडांच्या डॉक्टरांच्या वेळेची लिंक पाठवायची होती. दादा दुसऱ्या शहरात राहून सगळं करतो, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात स्टिअरिंग, त्याने घाईत भलतीच लिंक चिकटवली असणार. आईने ती उघडली असणार. पुढे कुलूप लागलं असणार, खाली ‘परवानगी मागा’ असं बटण दिसलं असणार, आणि जे दिसतं ते दाबायचं नाही अशी आई कधीच नव्हती. पण आईला नेमकं दिसलं काय? मधलीने चाचणीसाठी एक खोटं अकाउंट ठेवलं होतं, नव्या माणसाला बाहेरून काय दिसतं ते तपासायला. तिने ते उघडून घरच्या बोर्डाची लिंक त्यात टाकली. पान आलं. वर ठळक अक्षरांत ‘आई’. त्याखाली आईचा फोटो, धाकटीने बोर्डाला मुखपृष्ठ म्हणून लावलेला, गच्चीवरच्या उन्हात डोळे बारीक करून हसणारा. फोटोवर करड्या रंगाचं कुलूप. आणि खाली, ‘हा बोर्ड पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही.’ मधलीने पटकन ते पान बंद केलं. उघडपणे कुणी मुस्कटात मारली असती तर बरं वाटलं असतं असं तिला वाटलं.

दादाला फोन लावला तर तो म्हणाला, “अरे देवा. बरं, मग नाकारून टाक.”

“नाकारलं की तिला तसा मेसेज जातो, दादा. ‘तुमची विनंती नाकारली आहे.’ खाली माझं नाव.”

“मग काहीच करू नको. राहू दे लोंबकळत. ती विसरून जाईल.”

“आई विसरेल?”

मागे दादाच्या गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. “हे बघ,” तो म्हणाला, “शनिवारी सह्या आहेत. खोली महिनाभर अडवून ठेवलीय त्यांनी आपल्यासाठी. शनिवारपर्यंत तिला काही कळायला नको, एवढं सांभाळ. ही तुझीच कल्पना होती ना?”

हो, तिचीच कल्पना होती. तेच तर ठसठसत होतं. आई जिन्यात पडली तेव्हा पहिल्यांदा धावत गेली ती मधली. शेजारच्या माणसाने आईला उचलून वर आणलं होतं, आणि आई हात छातीशी धरून ओठ घट्ट मिटून बसली होती, जणू दुखणं तोंडातून बाहेर पडेल. मनगट मोडलं होतं. तेव्हापासून मधलीला झोपेत जिने दिसू लागले. फोन वाजला की पहिल्यांदा जिना, मग फोन. त्या भीतीतून, ऑफिसच्याच सॉफ्टवेअरवर, बोर्ड निघाला. आधी त्यात औषधं होती, डॉक्टरांच्या वेळा होत्या, कामाला येणाऱ्या बाईंची सुट्टी होती. मग एक दिवस दादाने ‘आईची खोली’ असं कार्ड टाकलं. गावाबाहेरचं वृद्धनिवास, तळमजला, चोवीस तास नर्स, आणि आईचं घर विकायचं. धाकटीने परदेशातून लिहिलं, ‘मी इतक्या लांबून काय बोलणार, तुम्ही ठरवाल ते.’ दादाने लिहिलं, ‘भावनेच्या आहारी जाऊन चालणार नाही.’ आणि मधलीने लिहिलं, ‘आईला आत्ता काही सांगायला नको. ती नाही म्हणेल, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. सह्या झाल्या की मी सांगेन तिला, तिच्या गळी कसं उतरवायचं ते मला माहीत आहे.’ मग एका संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये उभ्या उभ्या तिनेच ते कार्ड अंगठ्याने ‘चाललंय’मधून उचललं आणि ‘ठरलं’मध्ये ठेवलं. जीव भांड्यात पडला होता तिचा. त्या रात्री तिला जिना दिसला नव्हता.

आता तिने ते वाक्य वाचलं तेव्हा ते आईच्या आवाजात ऐकू आलं. गळी उतरवायचं. आईच्या गळी काही उतरवणं कधी कुणाला जमलं होतं? आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. मधली लहान असताना एकदा शाळेला अचानक सुट्टी मिळाली म्हणून आई तिला कामावर घेऊन गेली होती. लांबच लांब खोली, रांगेने बसलेल्या बायका, कानांवर पट्टे, समोर भोकाभोकांच्या फळ्या, आणि हातांत दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची, “नंबर सांगा,” आणि दुसरी दोरी दुसऱ्या भोकात. मधलीने विचारलं होतं, तू ऐकतेस का ते काय बोलतात? आई म्हणाली होती, जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा, ज्याचं बोलणं त्याचं. ते मधलीला फार थोर वाटलं होतं, वर्गात जाऊन सांगितलंही होतं. पुढे ती मोठी झाल्यावर, वडील गेल्यानंतर, कपडे घडी करता करता आईने दुसरी गोष्ट सांगितली. एकदा तिने आत्याचा फोन वडिलांच्या कचेरीत जोडून दिला होता. आत्याला कळलंच नव्हतं की मध्ये कोण बसलंय. कान काढून घेता घेता आईला आपलं नाव ऐकू आलं, आणि हात थांबला. घर उघड्यावर पडलंय, पोरांचे हाल होताहेत, तिला नोकरी सोडायला लाव, असं आत्या म्हणत होती; आणि वडील हं, हं, करत होते. आईने तेवढं ऐकलं आणि कान काढला. रात्री ताटं वाढून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, मी नोकरी सोडणार नाही. वडिलांचा घास हातातच राहिला. “मग तुझ्या नियमाचं काय झालं?” मधलीने हसत विचारलं होतं. आई उशीचा अभ्रा झटकत म्हणाली, “ज्याचं बोलणं त्याचं. ते माझं होतं.”

दुपारी एक डिझायनर पोरगी टेबलाशी येऊन उभी राहिली. तिला काचेच्या दुकानाच्या बोर्डात एडिटर व्हायचं होतं. “दे ना गं चावीबाई, किती भाव खातेस.” मधलीने न बोलता दिलं. पोरगी चमकली. “बरी आहेस ना?” मधली म्हणाली, बरी आहे. ती बरी नव्हती. पण तिला एक युक्ती सुचली होती, आणि सुचल्यापासून बोटं शिवशिवत होती. ऑफिसात प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाचे दोन बोर्ड असत. एकाला हॉल म्हणत आणि दुसऱ्याला किचन. किचनमध्ये खरं काम चाले, चुका, उशीर, एकमेकांवर ढकलाढकली, गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीवरचे टोमणे. हॉलमध्ये सगळं झाडून पुसून. गिऱ्हाईक परवानगी मागे, त्याला हॉलमध्ये बसवत, आणि ते खूश होऊन जाई. ही पद्धत मधलीनेच बसवली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने घरच्यासाठी हॉल बांधायला घेतला. नवा बोर्ड, नाव ‘आई’. औषधांची कार्डं उचलून आणली. डॉक्टरांच्या वेळा आणल्या. दादाच्या ‘आज आईला फोन करा कुणीतरी’ मधला ‘कुणीतरी’ काढून टाकला. धाकटीचं ‘तिचा स्वभाव आता फार’ असं सुरू होणारं काही आणलंच नाही. ‘आईचा वाढदिवस, काय द्यायचं?’ असं एक कार्ड नव्याने बनवून ‘ठरवायचं’मध्ये ठेवलं. त्यावर दादाच्या नावाने काही लिहिता येत नव्हतं म्हणून स्वतःच लिहिलं, ‘दादा म्हणतो शाल.’ हे करताना तिला कामाची ती जुनी तंद्री लागली, कडा जुळवायच्या, रंग लावायचे, आणि मधूनच स्वतःची किळसही येत होती, पण हात थांबत नव्हते. आईला हीच वागणूक आपण देतो आहोत हे तिला कळत होतं. कळून ती करत होती. शनिवारपर्यंतचा तर प्रश्न, असं ती स्वतःला सांगत राहिली. मग तिने सकाळचा चौकोन तसाच ठेवून आईला नव्या बोर्डात घेतलं. व्ह्यूअर म्हणून. कामापुरतं.

आईकडून काहीच आलं नाही. ना फोन, ना मेसेज. दुपारभर मधली कामं करत होती आणि फोन उलटा करून ठेवत होती आणि सुलटा करत होती. तिला मध्येच आपली जुनी खोली आठवली. खोली कसली, पडदा लावून केलेला आडोसा. आई त्या पडद्यापाशी येऊन थांबे आणि विचारी, येऊ का? पोर ती केवढी, पडदा तो केवढासा, आणि आई विचारी, येऊ का? मैत्रिणींच्या आया सरळ आत घुसत. एकदा कुठल्याशा परीक्षेत ती नापास झाली होती आणि आत उशीत तोंड खुपसून पडली होती. आई म्हणाली, येऊ का. ही म्हणाली, नको. पडद्याखालून आईची पावलं दिसत होती. ती हलली नाहीत. बऱ्याच वेळाने हिने पुन्हा डोकं वर केलं तरी पावलं तिथेच होती. आई आत आली नाही आणि गेलीही नाही. सकाळपासून स्क्रीनच्या कोपऱ्यात उभा असलेला चौकोन मधलीने पाहिला आणि तिला ती पावलं दिसली. मग तिला काम सुचेना. तिने साहेबांना डोकं दुखतंय सांगितलं, जे खोटं नव्हतं, आणि लवकर निघाली.

आईच्या इमारतीचा जिना चढताना ती नेहमीसारखी प्रत्येक पायरीवर चिडली. कठडा हलत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, आई पडली होती तिथे, फरशीचा कोपरा तुटला होता तो अजून तसाच. आपलं काही चुकत नाहीये, ती स्वतःशी म्हणाली. हे खरं आहे, हा कोपरा खरा आहे. आईने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. खोलीत पुस्तकाएवढा फोन टेबलावर उभा टेकवला होता, शेजारी चष्म्याचं घर उघडं. चहाचं आधण आधीच ठेवलेलं होतं.

“तू येणार हे कळलं होतं,” आई म्हणाली.

“कसं काय?”

“मुलगी सकाळचं उत्तर दुपारी देते, तेव्हा खरं उत्तर मागून चालत येतं.” आईने एका हाताने कप पुढे सरकवला. मग चष्मा लावून फोनकडे वळली. “वाचलं मी. छान लिहिलंय. सगळं किती नीटनेटकं. औषधं, वेळा. शाल म्हणे दादा देणार.”

“हो.”

“तुम्ही तिघं एकदाही भांडला नाहीत यात.”

मधलीने चहाचा घोट घेतला. तो फार गरम होता.

“माझी तीन पोरं,” आई म्हणाली, “एका रिकाम्या काडेपेटीवरून तीन दिवस अबोला धरलाय तुम्ही. माझ्या औषधावरून भांडणार नाही? तुम्ही भांडता कुठे, ते दाखव.”

“आई...”

“आणि सकाळी मला दिसला तो हा नव्हता. त्याच्यावर माझा फोटो होता. गच्चीवरचा.”

मधलीने कप खाली ठेवला. फोटो. सगळं उचलून आणलं, झाडलं, पुसलं, आणि फोटो विसरली. एवढी वर्षं लोकांना हॉलमध्ये बसवलं, आणि आज दारावरची पाटीच राहिली लावायची. तिला हसू यायला लागलं आणि त्या हसण्याबरोबर डोळे भरून आले. आईने हिच्याकडे बघितलं नाही, फोनकडे बघत बसून राहिली. मधलीने पर्समधून आपला फोन काढला, सकाळपासूनचा तो चौकोन उघडला आणि ‘द्या’ दाबलं. भूमिका निवडा, असं आलं. तिने व्ह्यूअर निवडलं. हे तिने विचार करून केलं असं नाही, बोट आपोआप तिथे गेलं.

आई वाचत होती. एका बोटाने पान वर सरकवायचं, थांबायचं, पुन्हा सरकवायचं. घराची भिंत, कपाट, खिडकीतला कोरफडीचा डबा, जे जे विकायचं ठरलं होतं ते सगळं मधलीच्या समोर होतं आणि तिला कुठेच बघवेना. ती आईच्या बोटाकडे बघत राहिली. ते एका जागी थांबलं. कुठे थांबलं हे तिला इतक्या लांबूनही कळलं.

“हे तू लिहिलंयस? गळी उतरवायचं?”

“हो.”

“बरं.” आई पुढे गेली. पुन्हा मागे आली. “तुला भीती वाटते का गं, मी पडेन म्हणून?”

“रोज,” मधली म्हणाली. “रोज वाटते, आई. फोन वाजला तरी वाटते.”

“मग ते नाही लिहिलंस यात कुठे.”

आईने उजव्या हाताचं बोट ‘आईची खोली’ या कार्डावर ठेवलं आणि दाबून धरलं. कार्ड हललं नाही. तिने पुन्हा दाबलं. “हे सरकत का नाही? दुपारी शेजारच्या पोरीकडून शिकून घेतलंय मी, असं धरायचं आणि ओढायचं.”

“तुला फक्त बघण्याची परवानगी आहे त्यात.”

“कुणी दिली?”

“मी.”

“मग उरलेली पण तूच दे ना.”

मधलीने फोन हातात घेतला. आईच्या नावासमोर बाण होता, तो दाबला की चार भूमिका खाली उलगडत. एडिटर पुरे होतं. कार्ड हलवायचं तर एडिटर पुरे, नियम तसा होता, कामापुरतं द्यावं. तिचं बोट एडिटरवर थांबलं. दादा काय म्हणेल ते तिला माहीत होतं. शनिवारचं काय होईल हेही माहीत होतं, खोली जाईल, भांडणं होतील, सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि जिना तिथेच राहील, तुटक्या कोपऱ्यासकट. तिला मनापासून भीती वाटत होती. तिने बोट खाली आणलं आणि ओनर दाबलं. सॉफ्टवेअरने इशारा दिला, ‘मालक कोणालाही या बोर्डातून काढू शकतात, तुम्हालासुद्धा. नक्की?’ हा इशारा तिने इतरांना शेकडो वेळा समजावून सांगितला होता. तिने ‘नक्की’ दाबलं.

“आता बघ,” ती म्हणाली.

आईने पट्ट्याचा हात टेबलावर आडवा टेकवला, फोन त्याला लावून पक्का केला, आणि दुसऱ्या हाताने कार्ड धरलं. पहिल्यांदा ते सुटून परत ‘ठरलं’मध्ये जाऊन बसलं. आईने जीभ टाळूला लावून च्यक केलं. दुसऱ्यांदा तिने घाई केली नाही. कार्ड उचललं गेलं, किंचित तिरकं झालं, ‘चाललंय’च्या डोक्यावरून गेलं, आणि आईने बोट वर उचललं तेव्हा ‘ठरवायचं’मध्ये, वाढदिवसाची शाल नसलेल्या त्या खऱ्या रकान्यात, ते एकटंच बसलं होतं.

मधलीच्या हातातला फोन थरथरला. ‘आई यांनी “आईची खोली” हे कार्ड “ठरलं” मधून “ठरवायचं” मध्ये हलवलं.’ हाच मेसेज आत्ता गाडीतल्या दादाकडे गेला असणार, आणि जिथे अजून दिवस उजाडायचा होता तिथे धाकटीच्या उशाशी वाजला असणार. ती एवढा विचार करते आहे तोवर फोन पुन्हा थरथरला आणि या वेळी थांबलाच नाही. पडद्यावर दादाचं नाव आलं.

“दादाचा?” आईने विचारलं.

मधलीने मान हलवली. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, सारवासारव करायची की सरळ सांगून टाकायचं, हे तिच्या डोक्यात गरगरायला लागलं. तिने फोन कानाला लावायला उचलला.

आईने चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला, पाठ ताठ केली आणि हात पुढे केला.

“तू नको बोलूस,” ती म्हणाली. “मला जोडून दे. आणि तुझा कान इथेच असू दे.”